टॅग बनवण्याआधी: डेटा टाइप आणि रेंज कशी ठरवायची

स्काडामध्ये (प्लँट स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा हिस्टोरियनमध्ये (जुने आकडे साठवणारं सॉफ्टवेअर) नवा टॅग, म्हणजे एका मोजमापाची नोंद, बनवायला घेतला की सॉफ्टवेअर निदान तीन गोष्टी विचारतं: नाव, ॲड्रेस आणि डेटा टाइप (आकडा किती बिटांत आणि कोणत्या रूपात साठवायचा). नावावरून मीटिंगा होतात, ॲड्रेस दोनदा तपासला जातो आणि डेटा टाइपला मात्र ड्रॉपडाउनमध्ये जे वर दिसेल ते निवडून मोकळं व्हायचं. स्क्रीनवर आकडा आला, ट्रेंड सरकू लागला की काम फत्ते! अडचण अशी की चुकीचा डेटा टाइप पहिल्या दिवशी सहसा बिनबोभाट चालतो. आकडे लहान असतात, तापमान शून्याच्या वर असतं, टोटलायझर (एकूण बेरीज ठेवणारा टॅग) नुकताच रिसेट केलेला असतो. खोट दिसते ती इंटिग्रेटर (सिस्टिम बसवून देणारा कंत्राटदार) बिल काढून गेल्यावर.

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा बीई करून नुकतेच प्लँटवर लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. बिट आणि बाइट म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी पुरे.

पायरी १: आकडा किती हातांतून जातो ते कागदावर काढा

ट्रान्समीटर (सेन्सरचा सिग्नल पाठवणारं उपकरण), पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) ॲनालॉग कार्ड, पीएलसीची मेमरी, मॉडबस किंवा ओपीसी (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या पद्धती), स्काडा, हिस्टोरियन, एसक्यूएल डेटाबेस आणि शेवटी मॅनेजरसाहेबांची एक्सेल शीट. एकच तापमान एवढ्या ठिकाणी साठवलं जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा डेटा टाइप असू शकतो. या साखळीत जी कडी सर्वांत अरुंद, तिचीच रेंज तुमच्या टॅगची खरी रेंज. बाकी सगळीकडे ६४ बिट ठेवलेत तरी काही उपयोग नाही.

नावांवर अजिबात विसंबू नका. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे स्टँडर्ड पहिल्यांदा १९९३ मध्ये आलं. त्यात ‘इंट’ म्हणजे १६ बिट आणि ‘डिंट’ म्हणजे ३२ बिट. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘इंट’ ३२ बिटांचा असतो, १६ बिटांच्या टाइपला तिथे ‘स्मॉलइंट’ म्हणतात. सी शार्पमध्येही ‘इंट’ ३२ बिटांचाच. पीएलसीवाला म्हणतो ‘इंट आहे’, डेटाबेसवाला म्हणतो ‘माझ्याकडेही इंटच आहे’, दोघंही खरं बोलतात आणि तरी मोठा आकडा परत पीएलसीकडे लिहिताना घोळ होतो. म्हणून फोनवर बोलताना टाइपचं नाव सांगू नका, किती बिट आणि साइन्ड (उणे आकडेही चालणारा) की अनसाइन्ड (शून्य आणि वरचेच) ते सांगा.

पायरी २: एवढ्या रेंज पाठ करा

कॅल्क्युलेटर न काढता आठवायला हव्यात अशा रेंज थोड्याच आहेत:

- बूल: ० किंवा १
- ८ बिट अनसाइन्ड: ० ते २५५, साइन्ड: उणे १२८ ते १२७
- १६ बिट अनसाइन्ड: ० ते ६५,५३५, साइन्ड: उणे ३२,७६८ ते ३२,७६७
- ३२ बिट अनसाइन्ड: ० ते ४,२९,४९,६७,२९५, साइन्ड: उणे २,१४,७४,८३,६४८ ते २,१४,७४,८३,६४७
- रिअल, म्हणजे ३२ बिट फ्लोट (दशांश आकडा): रेंज अफाट, पण विश्वासाचे अंक सुमारे ७
- एलरिअल, म्हणजे ६४ बिट फ्लोट: विश्वासाचे अंक १५ ते १६

स्क्रीनवर ३२,७६७ किंवा ६५,५३५ हे आकडे दिसले, किंवा त्यांच्या आसपासचे दिसले, तर प्रोसेसमध्ये काही घडलंय असं समजण्याआधी डेटा टाइपवर संशय घ्या. दहात नऊ वेळा चोर तिथेच सापडतो.

शेवटच्या दोन ओळी आणि त्यांच्या वरच्या ओळी यांतला फरक नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. इंटिजरला (पूर्णांकाला) ठरलेली हद्द असते, पण हद्दीच्या आत तो अगदी अचूक असतो. फ्लोटला व्यवहारात हद्द नाही, पण आकडा जितका मोठा, तितका तो बारीक फरक विसरतो. यामुळे काय होतं ते पायरी ६ मध्ये येईल.

पायरी ३: आकडा शून्याखाली जाऊ शकतो का, हे विचारा

हे ऑपरेटरला विचारायचं. टॅगलिस्ट बनवणाऱ्याला सगळंच माहीत असेल असं नाही. आइस्क्रीमच्या कोल्ड रूमचा कंट्रोलर घ्या. तो मॉडबसवर तापमान अंशाच्या दहाव्या भागात देतो, म्हणजे उणे १८.५ अंशांसाठी उणे १८५. तुम्ही टॅग अनसाइन्ड घेतलात तर तेच बिट ६५,५३६ वजा १८५, म्हणजे ६५,३५१ असे वाचले जातात आणि स्क्रीनवर ६५३५.१ अंश झळकतं. कमिशनिंगच्या वेळी खोली गरम होती, २८.० दिसत होतं, सगळ्यांनी सह्या केल्या. काँप्रेसर चालू होऊन खोली शून्याखाली गेली तेव्हा भट्टी पेटली.

तापमान सोडून इतरही जागा आहेत. पॉवर फॅक्टर लीडिंग असताना बरेच मीटर तो उणे दाखवतात. सोलर बसवलेल्या कारखान्यात रविवारी मशिनं बंद असली की वीज उलटी ग्रिडकडे जाते आणि किलोवॉट उणे होतात. ड्राफ्ट प्रेशर (बॉयलरमधली हवेची ओढ) तर मुळातच उणे असतं.

पायरी ४: कच्चा आकडा, स्केलिंग आणि मधला हिशोब

सीमेन्सच्या पीएलसींच्या एस७ मालिकेत ४-२० मिलिअँपचं कार्ड ४ मिलिअँपला ० आणि २० ला २७,६४८ हा कच्चा आकडा देतं. २७,६४८ च्या वर ओव्हररेंजसाठी थोडी जागा सोडलेली असते आणि त्याहीपलीकडे सिग्नल गेला की कार्ड ३२,७६७ लिहितं. वायर ब्रेकचं डायग्नॉस्टिक चालू केलेलं असेल तर तार तुटल्यावरही हाच आकडा येतो.

आता ०-१५० अंशांचा ट्रान्समीटर धरा. ३२,७६७ भागिले २७,६४८ गुणिले १५० म्हणजे जवळपास १७७.८. ट्रेंडवर कुठलीही हालचाल नसलेली, पट्टीने आखल्यासारखी १७७.८ ची रेघ दिसली तर ते तापमान नसून सुटलेली तार असते. आपल्या प्रत्येक रेंजसाठी हा ‘११८.५ टक्क्यांचा’ आकडा काढून टॅगलिस्टमध्ये लिहून ठेवा. रात्रपाळीच्या माणसाचा निम्मा वेळ वाचतो. आणि जमेल तिथे स्केल केलेल्या (अंशांसारख्या एककात बदललेल्या) टॅगबरोबर कच्चा आकडाही हिस्टोरियनला पाठवा. उद्या कोणी ट्रान्समीटरची रेंज बदलून सांगायला विसरलं, तर मागचा डेटा दुरुस्त करायला तोच उपयोगी पडतो.

सूत्रातही गडबड होते. कच्चा आकडा गुणिले १५० भागिले २७,६४८ हे गणित १६ बिट इंटिजरमध्ये केलंत तर गुणाकारच ४१ लाखांच्या पुढे जातो. उत्तर १५० च्या आत असलं तरी वाटेत हद्द ओलांडली गेली. काही पीएलसी अशा वेळी गुपचूप चुकीचं उत्तर देतात, काही ओव्हरफ्लोचा बिट लावतात, काही थेट फॉल्टला जाऊन मशीन उभं करतात. आधी रिअल करून घ्या, मग गुणाभागा.

मोठ्या टाइपमधून लहान टाइपमध्ये उतरताना काय होऊ शकतं याचं सर्वांत महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं एरियान ५ पहिल्यांदाच उडालं आणि ४० सेकंदांच्या आत मार्ग सोडून नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिट फ्लोट आकडा १६ बिट साइन्ड इंटिजरमध्ये बसवला जात होता. तो कोड एरियान ४ वरून आणलेला होता आणि त्या रॉकेटच्या वेगाला ती रेंज पुरत होती. जुन्या प्रोजेक्टमधला ब्लॉक नव्या मशीनवर कॉपी-पेस्ट करण्याआधी हे आठवलं तर बरं.

पायरी ५: मॉडबसवर फ्लोट वाचताना

मॉडबस मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलं. त्याला फक्त एकेक बिट आणि १६ बिटांचं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) एवढंच कळतं. ३२ बिटांचा फ्लोट दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवायचा, हे स्टँडर्ड सांगत नाही. ज्या त्या मीटर कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलं आणि त्याची शिक्षा आपण भोगतोय.

पॅनलमधल्या एनर्जी मीटरची फ्रिक्वेन्सी धरा. ५०.० हा आकडा फ्लोटमध्ये हेक्स (सोळाच्या पायातल्या) ४२४८ ०००० असा लिहिला जातो. म्हणजे पहिलं रजिस्टर दशमानात १६,९६८ आणि दुसरं ०. टॅगची सेटिंग चुकली तर काय दिसेल ते बघा. वर्ड (१६ बिटांची ही दोन रजिस्टरं) उलटे घेतले तर शून्याला चिकटलेला अतिसूक्ष्म आकडा येतो आणि स्क्रीनवर ०.०० दिसतं, माणूस मीटरचं वायरिंग तपासत बसतो. प्रत्येक रजिस्टरमधल्या बाइट उलटल्या तर १,९८,६५६. ३२ बिट इंटिजर समजून वाचलं तर १११ कोटींच्या वर. १६ बिट समजून वाचलं तर १६,९६८. हे चार ठसे ओळखीचे झाले की नुसता आकडा बघून चूक कुठली ते सांगता येतं. सॉफ्टवेअरमध्ये चार बाइटांच्या क्रमाचे हे पर्याय एबीसीडी, सीडीएबी, बीएडीसी, डीसीबीए अशा नावांनी असतात. त्यातला एक बरोबर असतोच, पण चारही आळीपाळीने लावून बघण्याआधी एकदा कच्ची रजिस्टरं उघडी करून पाहा.

कारण आणखी एक गाठ आहे. मीटरच्या पुस्तकात ४०००१ लिहिलेलं असतं तेव्हा केबलवर जाणारा ॲड्रेस ० असतो. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही तुमच्यावर सोडतात. एकाने चुकलात आणि शेजारी-शेजारी तीन फेजचे २३०.० व्होल्ट असले, तर रजिस्टरं १७२५४, ०, १७२५४, ० अशी असतात. एक पाऊल पुढून वाचलं की ०, १७२५४ अशी जोडी हाती येते, आणि वर्ड उलटल्यावरही नेमकी हीच जोडी येते! दोन वेगळ्या चुका, एकच लक्षण. मग माणूस वर्डचा क्रम बदलतो, आकडा बरोबर येतो, आणि चुकीचा ॲड्रेस तसाच राहून जातो. प्रत्यक्षात व्होल्टेज २३०.०७ झालं की दुसरं रजिस्टर शून्य राहत नाही. तेव्हा एका फेजची शेपूट दुसऱ्याला जोडली जाते आणि दशांशातले आकडे उगाच नाचतात. व्होल्ट जवळपास बरोबरच दिसत असल्याने हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून सिम्युलेटरवर चाचणी करताना ५०.० किंवा २३० सारखे गोल आकडे वापरू नका आणि तिन्ही फेजना वेगवेगळे आकडे द्या.

पायरी ६: काउंटर आणि टोटलायझर, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पॅकिंग लाइन मिनिटाला ६० पाकिटं काढते. काउंटर १६ बिट साइन्ड आहे. सकाळी ६ ला चाचणी सुरू झाली, २ वाजता पाळी संपली तेव्हा काउंटरवर २८,८०० होते, सगळं ठीक. दुसऱ्या पाळीत ३ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास तो ३२,७६७ वरून उणे ३२,७६८ ला गेला. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा सगळे ९ झाल्यावर शून्यावर यायचा तसंच हे, फक्त इथे शून्याऐवजी थेट खड्ड्यात. दर पाळीला रिसेट होणारा काउंटर असेल तर १६ बिटही चालतो, पण रिसेटचं बटण दाबायला माणूस विसरणारच हे धरून चाला आणि ३२ बिट घ्या.

मीटरचा काउंटर तुमच्या हातात नसतो, तो कधीतरी फिरणारच. अशा वेळी रिपोर्टसाठी दोन वाचनांतला फरक घ्या, आणि नवं वाचन जुन्यापेक्षा लहान आलं तर त्यात पूर्ण फेरा मिळवा. १६ बिट अनसाइन्डसाठी ६५,५३६. मात्र मीटर बदलला तेव्हाही नवं वाचन लहानच येतं. तेव्हा फेरा मिळवलात तर त्या दिवशीचं वीजबिल आभाळाला भिडेल. फरकावर वाजवी कमाल मर्यादा घाला.

फ्लोटचा टोटलायझर त्याहून फसवा. १८ किलोवॉटचा स्थिर लोड आहे आणि पीएलसी दर सेकंदाला ०.००५ युनिट एका रिअल टॅगमध्ये मिळवते. सुरुवातीला ठीक. बेरीज ३२,७६८ च्या पुढे गेली की त्या टप्प्यात रिअलला दोन शेजारच्या आकड्यांत ०.००३९ चं अंतर ठेवावं लागतं. ०.००५ मिळवायला गेलो तर प्रत्यक्षात ०.००३९ च मिळतात, म्हणजे मीटर सुमारे २२ टक्के हळू चालतो. ६५,५३६ नंतर तेच अंतर ०.००७८ होतं. आता दर सेकंदाला ०.००५ ऐवजी ०.००७८ मिळतात, मीटर दीडपटीहून जास्त वेगाने पळतो. आणि १,३१,०७२ ला पोहोचला की अंतर ०.०१५६ होतं, ०.००५ त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी, म्हणून बेरीज जिथल्या तिथे. मशीन चालू, करंट वाहतोय, आणि टोटलायझर कायमचा थिजलेला. आधी हळू, मग जलद, मग बंद: कोणीही सेन्सरलाच शिव्या घालेल. एकेकाने वाढणारा रिअल काउंटरही १,६७,७७,२१६ ला असाच थांबतो.

उपाय साधा आहे. टोटलायझर एलरिअलमध्ये ठेवा. पीएलसी जुनी असेल आणि एलरिअल नसेल तर वॉट-तासांत ३२ बिट इंटिजर ठेवा आणि पूर्ण वॉट-तास साठेपर्यंतची चिल्लर वेगळ्या रिअलमध्ये जमवा. सर्वांत उत्तम म्हणजे युनिट स्वतः मोजूच नका, मीटरच्या रजिस्टरमधून उचला. ते काम मीटर आपल्यापेक्षा चांगलं करतो.

पायरी ७: वेळ आणि मजकूर

सीमेन्सच्या पीएलसीतला ३२ बिट ‘टाइम’ मिलिसेकंदांत मोजतो आणि सुमारे २४ दिवस साडेवीस तासांच्या पुढे जात नाही. पंपाचे चालू तास त्यात ठेवायचे नाहीत. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिट साइन्डमध्ये ठेवणाऱ्या सिस्टिमचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी उलटतं. आज बसवलेला गेटवे तेव्हाही पॅनलमध्ये असेल, असल्या गोष्टी कोणी काढत नाही.

बॅच नंबर आणि बारकोड हे आकडे दिसत असले तरी स्ट्रिंग, म्हणजे मजकूरच ठेवा. आकडा केला की पुढची शून्यं उडतात, आणि एक्सेल १५ अंकांनंतरचे अंक शून्य करतं. रॉकवेलच्या पीएलसीतल्या नेहमीच्या स्ट्रिंगमध्ये ८२ अक्षरं मावतात, सीमेन्सच्या स्ट्रिंगमध्ये २५४. ऑपरेटरचं नाव देवनागरीत हवं असेल तर युटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट धरा. ‘पाटील’ म्हणजे १५.

पायरी ८: हिस्टोरियन आणि डेटाबेसचे स्वतःचे नियम

हिस्टोरियनचे टाइप पीएलसीसारखे दिसतात, पण वागतात वेगळे. ओएसआयसॉफ्टच्या पीआय सिस्टिममध्ये (२०२१ पासून ती अवेवाकडे आहे) इंट१६ पॉइंट (तिथे टॅगला पॉइंट म्हणतात) ० ते ३२,७६७ एवढंच ठेवतो. उणे आकडा त्यात बसत नाही. कोल्ड रूमचा टॅग तिथे इंट१६ केलात तर पायरी ३ मधली सगळी मेहनत वाया. फ्लोट१६ हा तर झिरो आणि स्पॅनवर (रेंजची सुरुवात आणि लांबी) बेतलेला असतो: स्पॅनचे ३२,७६७ भाग. स्पॅन १००० असेल तर ०.०३ पेक्षा बारीक फरक साठत नाही आणि रेंजबाहेरचा आकडा हातून जातो. डिस्क महाग होत्या तेव्हा ही काटकसर शहाणपणाची होती. आता नव्या ॲनालॉग टॅगला फ्लोट३२ घ्या, टोटलायझरला फ्लोट६४.

एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड इंटिजर नाहीत (एसक्यूएल सर्व्हरचा ० ते २५५ चा ‘टायनीइंट’ तेवढा अपवाद), मायएसक्यूएलमध्ये आहेत. ३२ बिट अनसाइन्ड काउंटर डेटाबेसमध्ये न्यायचा तर ‘बिगइंट’ लागतो.

शून्याने शून्याला भागलं की फ्लोटमध्ये ‘नॅन’ येतो, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी खूण. नॅन कशाहीपेक्षा मोठा नसतो आणि लहानही नसतो, त्यामुळे हाय अलार्म वाजत नाही आणि लो अलार्मही नाही. सरासरीत एक नॅन शिरला तर अख्खी सरासरी नॅन होते. भागाकाराआधी छेद तपासायची सवय लावा. आणि ओपीसीवर व्हॅल्यूबरोबर येणारी क्वालिटी (आकडा भरवशाचा आहे की नाही ही खूण) टाकून देऊ नका. बंद पडलेल्या लिंकचं ० आणि खरोखरचं ० यांतला फरक फक्त तिच्यातच असतो.

पायरी ९: कडेला जाऊन तपासा

एफएटीमध्ये (माल ताब्यात घेण्याआधी बनवणाऱ्याकडे होणाऱ्या चाचणीत) मधला आकडा देऊन टिकमार्क करणं म्हणजे चाचणी नव्हे. लूप कॅलिब्रेटरने ३.६, ४, १२, २० आणि २१ मिलिअँप द्या. रजिस्टरमध्ये ०, १, ३२,७६७, ३२,७६८ आणि ६५,५३५ भरा. फ्लोटला २३०.०७ सारखा वाकडा आकडा द्या, टोटलायझरमध्ये हाताने २,००,००० भरून तो पुढे सरकतो का ते पाच मिनिटं बघा. आणि प्रत्येक वेळी तोच आकडा पीएलसी, स्काडा, हिस्टोरियन, रिपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी वाचा. टॅगलिस्टमध्ये प्रत्येक टप्प्याला किती बिट, साइन, वर्डचा क्रम, स्केल, आणि तार तुटल्यावर दिसणारा आकडा असे रकाने करा.

चालू प्लँटमध्ये चुकीचा टाइप सापडला तर आहे त्या टॅगला हात लावू नका. त्याच्यावर कोणते अलार्म आणि रिपोर्ट लटकलेत हे तुम्हाला सगळं ठाऊक नसतं, आणि पीएलसीत डेटा ब्लॉक बदलून डाउनलोड केला तर आतले चालू आकडे सुरुवातीच्या किमतीवर जाऊ शकतात. योग्य टाइपचा नवा टॅग शेजारी बनवा, महिनाभर दोन्ही चालू द्या, मंथ-एंडचा रिपोर्ट दोन्हींवरून काढून अकाउंट्सला दाखवा, आणि जुना टॅग पुढच्या शटडाउनला निवृत्त करा. त्याचा इतिहास मात्र हिस्टोरियनमध्ये राहू द्या, ऑडिटवाले तोच मागतात.